पुरुषांनाही होतो यीस्टचा संसर्ग. मलमाआधी साखर तपासा!

पावसाळ्यात पनवेलहून मुंबईपर्यंत लोकलचा लांबचा प्रवास, दिवसभर अंगावर ओलसर कपडे आणि संध्याकाळी नको तिथे खाज. बहुतेक पुरुष याचे खापर घामावर फोडतात आणि मेडिकलमध्ये हळू आवाजात 'खाजेची ट्यूब' मागतात. दुखणे वाढते ते अनेकदा इथूनच.

जांघेत गोल, कडेने लाल होत पसरणारा चट्टा असेल तर तो बहुधा नायटा. यीस्टचा संसर्ग वेगळा. 'कॅन्डिडा' नावाची ही बुरशी एरवीही आपल्या शरीरावर असतेच. उबदार, ओलसर जागा मिळाली की ती फोफावते. लिंगाच्या टोकाला लाली, आग, बारीक पुरळ, त्वचेखाली दह्यासारखा पांढरा थर आणि पुढची त्वचा मागे घेताना दुखणे, ही तिची लक्षणे. 'पांढरे पाणी म्हणजे बायकांचा आजार' या समजुतीमुळे पुरुषांच्या ते लक्षातच येत नाही.

पण ही बुरशी पुन्हा पुन्हा का होते? याचे उत्तर अनेकदा रक्तात असते. साखर खूप वाढली की ती लघवीतून बाहेर पडते आणि तिथल्या बुरशीला आयते खाद्य मिळते. काही पुरुषांना आपल्याला मधुमेह असल्याचे प्रथम कळते ते याच त्रासामुळे. त्यामुळे चाळिशीतल्या माणसाला वर्षात दोनदा हा त्रास झाला, तर उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी तपासलेच पाहिजे.

दुसरे कारण नवे आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या जास्तीची साखर लघवीवाटेच बाहेर काढतात. एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट मार्च २०२५ मध्ये संपले आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. हृदय आणि मूत्रपिंडासाठी त्या चांगल्याच; पण बुरशीचा संसर्ग हा त्यांचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांनी हे एका वाक्यात सांगायला काय हरकत आहे? त्रास झाला म्हणून गोळी मात्र परस्पर बंद करू नये.

आता ती ट्यूब. दुकानात सहज हाती पडणाऱ्या अनेक मलमांत बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइडही असते. दोन दिवस खाज थांबते, बुरशी मात्र आत वाढत राहते आणि नाजूक त्वचा पातळ होते. साधे क्लोट्रिमॅझोलचे मलम एक-दोन आठवडे लावल्यावर बहुतेकांना आराम पडतो. गोळी लागेल की नाही, हे डॉक्टर ठरवतील. धुण्यासाठी कोमट पाणी पुरे, साबण आणि डेटॉल नको. धुतल्यावर जागा नीट कोरडी करावी.

हा गुप्तरोग नव्हे, त्यामुळे घरात संशयाचे कारण नाही. पत्नीलाही खाज किंवा पांढरे पाणी जात असेल तर उपचार दोघांनी एकाच वेळी घ्यावेत. ताप, झपाट्याने वाढणारी सूज, असह्य वेदना किंवा लघवी अडणे यांपैकी काहीही झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.