डोक्याला मार लागला? मग आज खेळ बंद!
रायन मेसन हा इंग्लंडकडून खेळलेला फुटबॉलपटू. २२ जानेवारी २०१७ रोजी चेल्सीविरुद्ध हेडर मारताना दुसऱ्या खेळाडूशी टक्कर होऊन त्याच्या कवटीचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर वर्षभर त्याने परतण्याची धडपड केली. पण तज्ज्ञांच्या सल्ल्यावरून २६व्या वर्षीच निवृत्ती घेतली. लोक हळहळले. मला मात्र तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. हाड जुळते, पण मेंदू दुसरा धक्का सोसेलच असे नाही.

तुमच्या मुलाला डोक्यावर मार लागून गरगरले, किंवा तो गोंधळल्यासारखा बोलू लागला, तर "काही होत नाही रे" म्हणून पुन्हा मैदानात धाडू नका. (प्रशिक्षकांनो, तुम्हीसुद्धा!) त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वारंवार उलट्या होत असतील किंवा झापड येत असेल तर थेट रुग्णालय गाठा.