जागल्याची जागा रिकामी ठेवू नका



टपाल खात्यात सॉर्टिंगला असलेले माझे एक जुने स्नेही मध्यंतरी युनियन ऑफिसात आले. त्यांची मुलगी पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून समुद्रात बुडी मारायचे शिक्षण, ज्याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात, ते तिने घेतले आहे. आता मैत्रिणींबरोबर आठवडाभर परदेशातल्या बोटीवर राहून दूरच्या बेटांपाशी बुड्या मारायला जायचे म्हणते. "सेक्रेटरी, तुम्हीच सांगा, पाठवू की नको?" मी म्हणालो, "अहो, मी रुळावरचा माणूस, पाण्यातले मला काय कळणार?" पण ते गेल्यावर चैन पडेना. मिळेल ते वाचून काढले, आणि ते सगळे आपल्याच कामाचे निघाले. म्हणून हा लेख.

आधी हा प्रकार काय आहे ते समजून घेऊ. तांबडा समुद्र, मालदीव, इंडोनेशियातील राजा अंपात, इक्वेडोरची गालापागोस बेटे अशा ठिकाणी पाण्याखाली प्रवाळ, कासवे, शार्क, मोठमोठे मासे यांची रेलचेल असते. चांगल्या जागा किनाऱ्यापासून लांब असतात, रोज जाऊन येणे परवडत नाही. म्हणून बोटीवरच मुक्काम. तिथेच जेवण, तिथेच झोप, तिथेच सिलिंडर भरायचे आणि दिवसाला चार-चार बुड्या मारायच्या. हे श्रीमंतांचे चोचले म्हणून नाक मुरडायचे कारण नाही. आपणही एलटीसीवर अंदमानला जातो. मालवणला तर साध्या घरातली माणसे स्कूबा करून येतात. कामगाराच्या पोरीने स्वतःच्या पगारातून जग पाहिले तर आपल्याला अभिमानच वाटला पाहिजे.

प्रश्न आहे तो रात्रीचा. बोटीवरचे सगळे झोपल्यावर जागे कोण असते?

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर सांताक्रूझ नावाचे बेट आहे. तिथे पाण्याखाली समुद्री वनस्पतींची जंगलेच्या जंगले आहेत आणि सील-सिंहांचे कळप आहेत. ते पाहण्यासाठी 'कन्सेप्शन' नावाची ७५ फुटी बोट तीन दिवसांच्या सहलीवर गेली होती. ३३ प्रवासी आणि ६ कर्मचारी. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे तीनच्या सुमारास, बोट नांगरलेली असताना, वरच्या बैठकीच्या खोलीत आग लागली. प्रवासी त्याखालच्या तळघरात, आगगाडीच्या बर्थसारख्या बंकांवर झोपले होते. वर यायला एक जिना होता आणि संकटात बाहेर पडायला एक झडप होती. पण दोन्ही वाटा त्याच पेटलेल्या खोलीत निघत होत्या. ३३ च्या ३३ प्रवासी गेले. खाली झोपलेली एक कर्मचारी मुलगीही गेली. पाच कर्मचारी वरच्या मजल्यावर झोपले होते, ते वाचले.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. प्रवासी झोपेत गेले असे लोक समजत होते, पण बहुतेक जण जागे झाले होते, त्यांना बाहेर पडता आले नाही, असे मंडळाने सांगितले. आग नेमकी कशाने लागली ते ठरले नाही. त्या खोलीत फोन आणि बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या असत. मात्र आग मोठी होईपर्यंत कोणाच्या लक्षात का आली नाही, ते पक्के ठरले. प्रवासी झोपलेले असताना रात्रभर फिरता पहारा ठेवावा अशी अट बोटीच्या सर्टिफिकेटातच होती. त्या रात्री सहाही कर्मचारी झोपलेले होते. जागल्याची जागा कागदावर होती, बोटीवर नव्हती. आणि हे त्या एकाच रात्रीचे नव्हते. बोटीच्या तपासण्या होत होत्या, सर्टिफिकेट मिळत होते. पण रात्री पहारा असतो की नाही हे पाहण्याची सोय तटरक्षक दलाकडे नव्हती.

इथे मला माझी उमेदवारी आठवली. मी गँगमन म्हणून लागलो तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात घाटात रात्रीची गस्त वाट्याला आली. हातात बत्ती, खांद्याला फटाक्यांचा डबा, अंगावर घोंगडे. बीटच्या टोकाला पलीकडचा गस्तवाला भेटायचा, पेट्रोल बुकांची अदलाबदल व्हायची, आणि स्टेशनवर मास्तर वेळ टाकून सही करायचे. एका रात्री ओढ्याला पाणी आले आणि मी अडकलो. स्टेशनवर पोचलो तेव्हा अर्धा तास उशीर झाला होता. शिव्या खाव्या लागणार असे वाटले. मास्तरांनी विचारले, "लाइन ठीक आहे?" मी हो म्हटल्यावर त्यांनी थांबवलेली मालगाडी सोडली. तेव्हा मला नियम कळला. गस्तवाला वेळेवर आला नाही, तर त्याचे न येणे हाच धोक्याचा सिग्नल. गाडी थांबवायची, ड्रायव्हरला कॉशन ऑर्डर द्यायची. चौथी श्रेणीचा एक भिजलेला माणूस आला नाही म्हणून गाडी थांबते, याला सुरक्षा म्हणतात. 'कन्सेप्शन'वर जागल्या नव्हता आणि कोणाचेही काही अडले नाही.

पुढे काय झाले तेही पाहा. कॅप्टनवर खटला चालला, २०२३ मध्ये तो दोषी ठरला आणि मे २०२४ मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. ते योग्यच झाले. पहारा लावणे त्याचे काम होते. पण चौकशी मंडळाने मुख्य ठपका ठेवला तो कंपनीवर, तिने देखरेखच केली नाही म्हणून. फौजदारी खटला मात्र कंपनीच्या मालकावर झाला नाही. उलट मढी मिळायची बाकी असताना, तीनच दिवसांत, मालकाने कोर्टात अर्ज केला. आधार होता १८५१ चा एक कायदा. त्या कायद्याने मालकाची जबाबदारी अपघातानंतर बोटीची जी किंमत उरेल तेवढीच. 'टायटॅनिक'च्या मालकांनीही हाच कायदा पुढे केला होता. इथे बोट जळून बुडालेली, म्हणजे किंमत शून्य. ३४ जिवांची किंमत शून्य! आपल्याकडे रेल्वे अपघातात चूक कोणाची हे न पाहता भरपाई द्यावी लागते, मृत्यूला २०१७ पासून आठ लाख. रक्कम कमीच आहे, ती वाढली पाहिजे. पण जळालेल्या डब्याच्या किमतीएवढी भरपाई घ्या, असे आपला कायदा तरी म्हणत नाही.

मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा केला. २०२१ च्या अखेरीस तटरक्षक दलाने आग ओळखणारी यंत्रणा, बाहेर पडण्याच्या वाटा आणि रात्रीचा पहारा यांचे नियम कडक केले. २०२२ मध्ये लहान प्रवासी बोटींच्या मालकांना १८५१ च्या कायद्याआड लपता येणार नाही अशी दुरुस्ती झाली. मात्र ती मागे जाऊन लागू नाही. ज्यांनी लढा दिला त्यांना तिचा उपयोग नाही, पुढच्यांना आहे. आपल्या चळवळीत हे नवे नाही.

हे अमेरिकेतच घडते असे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये इजिप्तजवळ तांबड्या समुद्रात अशीच एक मुक्कामी बोट पहाटे बुडाली. ११ जण मेले किंवा बेपत्ता झाले. आपल्या तारकर्लीला २४ मे २०२२ रोजी स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले.

आता आपल्याकडे वळू. रात्रपाळीची जागा रिकामी ठेवायची, एकाच माणसाला दोन बीट द्यायच्या, आणि रजिस्टरात सगळे बरोबर दाखवायचे, हे आपण पाहिलेले आहे. ते आपण खपवून घेता कामा नये. युनियन व्हेकन्सीचे भांडण करते ते फक्त पगारासाठी नव्हे, झोपलेल्या प्रवाशासाठीही, हे लोकांना सांगितले पाहिजे. पण हे सांगायचे तर आपलेही हात स्वच्छ हवेत. न चालता पेट्रोल बुकात सही करणारा आपला भाऊ असला तरी त्याची बाजू घेऊन मी साहेबासमोर उभा राहणार नाही. 'कन्सेप्शन'वर झोपलेले कामगारच होते. दिवसभर राबून थकलेले असतील, पण त्यांच्या खाली ३४ माणसे होती, आणि त्यातली एक त्यांचीच सोबतीण होती.

स्नेह्यांना मी सांगितले, मुलीला खुशाल पाठवा. पण पैसे भरण्याआधी तिने चार प्रश्न विचारावेत. रात्री जागे कोण असते आणि त्याची नोंद कुठे होते? झोपायच्या जागेतून बाहेर पडायच्या वाटा दोन आहेत का, आणि त्या वेगवेगळ्या ठिकाणी निघतात का? बॅटऱ्या रात्री कुठे चार्ज होतात? लाइफ जॅकेट कुठे आहेत ते पहिल्याच दिवशी दाखवतात का? उत्तर देताना जो चाचरेल त्याच्या बोटीत पाय ठेवू नये.

मुलीने दोन कंपन्यांना हे प्रश्न पाठवले. एकीने पहाऱ्याचे वेळापत्रक धाडले. दुसरीने पाण्याखालच्या माशांचे फोटो धाडले. कुठे जायचे ते मुलीने ठरवले आहे.