प्रसूतिसेविकांचा स्वतंत्र संवर्ग, प्रशिक्षण आणि नोंदणी याबाबत निवेदन

धडगाव, जि. नंदुरबार
दि. ५ मे २०२५

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मार्फत : मा. जिल्हाधिकारी, नंदुरबार

विषय : बाळंतपण करणाऱ्या परिचारिकांचे पद, प्रशिक्षण व नोंदणी यांचा मेळ घालून प्रसूतिसेविकांचा स्वतंत्र संवर्ग निर्माण करण्याबाबत.

महोदय,

आम्ही निवेदनकर्त्या अक्राणी आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांतील आरोग्यसेविका, आरोग्य सहायिका, अधिपरिचारिका व परिचर्या शाळांतील अध्यापिका आहोत. काही सेवेत आहेत, काही निवृत्त झाल्या आहेत. उपकेंद्राच्या एका खोलीपासून ग्रामीण रुग्णालयाच्या लेबर रूमपर्यंत सगळीकडे आम्ही बाळंतपणे केली आहेत. आज आंतरराष्ट्रीय प्रसूतिसेविका दिन आहे. दरवर्षी या दिवशी गुलाबाचे फूल मिळते, फोटो निघतात. यंदा त्याऐवजी हे निवेदन स्वीकारावे, ही विनंती.

बाळंतपण करणारी बाई सरकारी कागदांवर एक नसून अनेक आहेत. बारावीनंतर दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रम केलेली आरोग्यसेविका उपकेंद्रात असते. तिच्यातूनच सेवाज्येष्ठतेने आणि बढतीच्या प्रशिक्षणाने आरोग्य सहायिका होते. तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रम केलेल्या अधिपरिचारिकेची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे ‘नोंदणीकृत परिचारिका’ आणि ‘नोंदणीकृत प्रसूतिसेविका’ अशी दुहेरी नोंद होते. या सर्वांसाठी ‘कुशल प्रसूती सहायक’ म्हणजे एसबीएचे २१ दिवसांचे सेवांतर्गत प्रशिक्षण असते. आणि या सगळ्यांच्या वर आहे ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ हा १८ महिन्यांचा पदविका अभ्यासक्रम. केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये प्रसूतिसेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, तेव्हा त्यात तो आला. जीएनएम किंवा बीएस्सी झालेल्या अनुभवी परिचारिकेलाच तो करता येतो आणि आंतरराष्ट्रीय प्रसूतिसेविका महासंघाने ठरवलेली कौशल्ये तो पुढे ठेवतो. गावातली दाई या यादीत कुठेच नाही, पण पाड्यावर ती आजही आहे. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

म्हणजे पायऱ्या आहेत, प्रमाणपत्रेही आहेत. अडचण अशी, की ड्यूटी लावताना ही प्रमाणपत्रे कोणी पाहत नाही. एसबीए झालेली सिस्टर ओपीडीत केसपेपर काढते आणि ज्या सिस्टरने शिकत असताना शेवटचे बाळंतपण पाहिले, ती रात्रपाळीला लेबर रूममध्ये एकटी असते. वॉर्ड, शस्त्रक्रियागृह, अपघात विभाग, लेबर रूम असा फेरा ठरावीक मुदतीने फिरतो. हात बसू लागतो तोवर बदली होते.

याचे मूळ जुने आहे. एएनएम हा अभ्यासक्रम निघाला तो मुख्यतः बाळंतपणासाठी. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर ती ‘बहुउद्देशीय’ कार्यकर्ती झाली आणि १९७७ मध्ये तिचे प्रशिक्षण दोन वर्षांवरून दीड वर्षावर आणले गेले. पुढे ते पुन्हा दोन वर्षांचे झाले, पण कामांची यादी मात्र कमी झाली नाही. लसीकरण, कुटुंब नियोजन, सर्वेक्षण, रक्तदाब-मधुमेहाची तपासणी, आणि ‘अनमोल’ नावाच्या ॲपमध्ये हे सारे भरणे. (ॲपचे नाव ज्याने ठेवले, त्याने तोरणमाळच्या घाटात नेटवर्क शोधून पाहिले नसावे.) या सगळ्यातून उरलेल्या वेळात ती प्रसूतिसेविका.

या गोंधळाचा परिणाम कुठे दिसतो, हे एका कागदावरून सांगतो. पार्टोग्राफ हा प्रसूतीच्या कळांचा आलेख. गर्भाशयाचे तोंड चार सेंटिमीटर उघडले की तो सुरू करायचा. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके आणि कळा नोंदवायच्या, दर चार तासांनी आतून तपासायचे. रेघ ‘सावध’ रेषेच्या उजवीकडे सरकली की गाडीची जुळवाजुळव करायची. तिथून चार तासांवर ‘कृती’ रेषा असते. तिथे पोहोचेपर्यंत बाई शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात असायला हवी. आमच्या भागात या चार तासांना मोल आहे, कारण त्यातला बराच वेळ पाड्यावरून रस्त्यापर्यंत झोळीत आणि रस्त्यावरून घाट उतरण्यात जातो. आलेख वेळेवर भरला तर बाई वाचते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तो बाळंतपण उरकल्यावर, तपासणी पथकासाठी, एका बैठकीत भरला जातो. सगळ्या रेघा सरळ, सगळे ठोके १४०. हा आळस आहे असे आम्हाला वाटत नाही. एका सिस्टरकडे लेबर रूम, प्रसूतिपश्चात वॉर्ड आणि इंजेक्शनची खोली असे तिन्ही असल्यावर दुसरे काय होणार? शिवाय हा आलेख केवळ भरायचा नसतो, वाचायचा असतो, आणि ते २१ दिवसांत येत नाही.

दुसरी गोष्ट अधिकाराची. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गर्भारपणात किंवा बाळंतपणात झटके आलेल्या बाईला पुढे पाठवण्यापूर्वी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, एएनएमने द्यायचा आहे. रक्तस्राव रोखण्यासाठी बाळ जन्मताच ऑक्सिटोसिनचे दहा युनिट द्यायचे आहेत. आम्ही हे शिकलो आहोत. तरीही इंजेक्शन दिले की ‘कोणाच्या ऑर्डरने दिले?’ अशी विचारणा होते आणि न देता बाई दगावली तर ‘का दिले नाही?’ अशी. सूचना दिल्लीच्या पुस्तिकेत आहेत. आमच्या हातात राज्याचा स्पष्ट शासन निर्णय हवा.

खासगी प्रसूतिगृहांची स्थिती याहून वेगळी नाही. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा १९४९ चा कायदा अर्हताप्राप्त प्रसूतिसेविका कोणाला म्हणायचे ते सांगतो. तरी सहा महिन्यांचा ‘नर्सिंग’ कोर्स करून आलेल्या, परिषदेकडे कसलीही नोंदणी नसलेल्या मुली तालुक्याच्या गावांत लेबर रूम सांभाळताना दिसतात. दोष त्या मुलींचा नाही. त्यांच्याकडून फी घेऊन मान्यता नसलेले प्रमाणपत्र हातात देणाऱ्यांचा आणि नोंदणी क्रमांक न विचारणाऱ्या तपासणीचा आहे.

माता मृत्यूच्या २०१८-२० च्या आकड्यांत महाराष्ट्राचे प्रमाण लाखामागे ३३ होते. केरळखालोखाल (१९) आपण दुसरे. याचा आम्हाला अभिमान आहे, त्यात आमचेही हात आहेत. पण सरासरीत अक्राणी आणि पुणे एकाच रकान्यात येतात. शिवाय राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार राज्यात २५.४ टक्के बाळंतपणे शस्त्रक्रियेने होतात. देशाची सरासरी २१.५ टक्के आहे. एकीकडे जिथे सिझेरियन हवे तिथे बाई वेळेवर पोहोचत नाही, दुसरीकडे जिथे गरज नाही तिथे ते होते. दोन्ही ठिकाणी कळांच्या काळात बाईजवळ थांबणारे, धीर धरणारे आणि धोका ओळखणारे माणूस कमी पडते आहे. तेलंगणाने २०१७ मध्ये करीमनगरला प्रसूतिसेविकांची पहिली तुकडी घडवायला घेतली. बांगलादेशाने तर तीन वर्षांचा स्वतंत्र प्रसूतिसेविका पदविका अभ्यासक्रम सुरू करून वेगळी पदेही काढली. आपल्याकडे हे जमणार नाही, असे मानायला कारण दिसत नाही.

या पार्श्वभूमीवर आमच्या मागण्या अशा :

१. १८ महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांसाठी राज्यात ‘प्रसूतिसेविका’ हा स्वतंत्र संवर्ग, वेतनश्रेणी आणि बढतीची वाट मंजूर करावी. आजवर राज्यातून किती परिचारिकांनी हा अभ्यासक्रम केला आणि त्यांपैकी किती प्रत्यक्ष लेबर रूममध्ये आहेत, याची जिल्हानिहाय यादी प्रसिद्ध करावी. पद नसेल तर पदविका घेऊन आलेली सिस्टर पुन्हा त्याच फेऱ्यात जाते आणि दीड वर्षाचा खर्च वाया जातो.

२. एसबीए व त्यापुढचे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेची लेबर रूममधून किमान तीन वर्षे बदली करू नये. ही मागणी सर्वांत कमी खर्चाची आहे. यासाठी एक परिपत्रक पुरेसे आहे.

३. कोणत्या पायरीवरची परिचारिका कोणते औषध देऊ शकते, कोणती तपासणी करू शकते, कोणत्या टप्प्यावर पुढे पाठवणे बंधनकारक आहे, याचा शासन निर्णय मराठीत काढून प्रत्येक लेबर रूममध्ये लावावा. त्यानुसार काम करणाऱ्या परिचारिकेला चौकशीत संरक्षण मिळावे. प्रसूतिसेविकांच्या कार्यकक्षेचा केंद्राचा दस्तऐवज २०२१ चा आहे, तो आधाराला घेता येईल.

४. राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसेवा आयोगाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्यानुसार राज्य आयोग आणि राज्य नोंदवही यांची घडी बसवताना प्रसूतिसेविकांची नोंद वेगळ्या भागात ठेवावी आणि नूतनीकरणासाठी प्रसूतिसेवेचेच प्रशिक्षण मोजावे. दातांच्या निगेवरील व्याख्यानाला बसून प्रसूतिसेविकेची नोंदणी पुढे चालू राहू नये.

५. एएनएम व जीएनएमच्या विद्यार्थिनींनी बाळंतपणे केल्याची केसबुके रुग्णालयाच्या प्रसूती नोंदवहीशी पडताळावीत. एकाच बाळंतपणाभोवती दहा विद्यार्थिनी उभ्या असतात आणि दहाही केसबुकांत ते ‘स्वतः केले’ असे चढते, हे अध्यापिका म्हणून आम्ही पाहिले आहे. जिथे पुरेशी बाळंतपणे होत नाहीत, त्या शाळेला दुसरे रुग्णालय जोडून द्यावे, नाहीतर प्रवेश कमी करावेत.

६. नंदुरबार जिल्हा रुग्णालयात प्रसूतिसेविकांचे प्रशिक्षण केंद्र आणि प्रसूतिसेविकांनी चालवलेला कक्ष सुरू करावा. असा कक्ष शस्त्रक्रियेची सोय असलेल्या लेबर रूमला लागूनच असावा, हे तत्त्व आम्हाला मान्य आहे. मात्र तयार झालेल्या पहिल्या प्रसूतिसेविका धडगाव व अक्कलकुवा ग्रामीण रुग्णालयांनाही मिळाव्यात. सगळ्या मोठ्या रुग्णालयातच ठेवल्या तर डोंगरावर पुन्हा २१ दिवसांचेच प्रशिक्षण उरेल.

७. प्रसूतिगृहांच्या तपासणीत लेबर रूममधील प्रत्येक परिचारिकेचा नोंदणी क्रमांक पाहून अहवालात लिहावा. विनामान्यता कोर्स चालवणाऱ्यांवर कारवाई करावी आणि तिथे शिकलेल्या मुलींना मान्यताप्राप्त एएनएम अभ्यासक्रमात शुल्कसवलतीने प्रवेश द्यावा.

८. पाड्यावरच्या दाईला बाळंतपण करायला लावू नये, पण हाकलूनही देऊ नये. तिने बाईला दवाखान्यात आणावे आणि कळांच्या वेळी जवळ बसावे. सोबतीणीला लेबर रूममध्ये मुभा देण्याची केंद्राची सूचना आहेच. दाईच्या प्रवासखर्चाची व मानधनाची तरतूद करावी. ती बरोबर असली की पावरा, भिल्ल बाया दवाखान्याला कमी बिचकतात, हा आमचा रोजचा अनुभव आहे.

एक खुलासा आवश्यक आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांची रिक्त पदे भरायला नकोत म्हणून प्रसूतिसेविका नेमाव्यात, असा आमच्या मागणीचा अर्थ लावू नये. गुंतागुंतीच्या बाईसाठी डॉक्टर, रक्त आणि भूलतज्ज्ञ लागतातच. मागे तेवढे बळ नसेल, तर चांगली प्रसूतिसेविकाही रुग्णवाहिकेची वाट पाहत बसते.

मागणी क्र. २, ३ व ५ साठी नव्या आर्थिक तरतुदीची गरज नाही, म्हणून त्यांवरील आदेश येत्या तीन महिन्यांत निघावेत. उरलेल्या मागण्यांसाठी आरोग्य सेवा आयुक्त, महाराष्ट्र परिचर्या परिषद आणि प्रत्यक्ष लेबर रूममध्ये काम करणाऱ्या परिचारिका यांची बैठक आपल्या दालनात बोलवावी. बैठक सकाळी अकराच्या आत ठेवू नये. धडगावहून रातोरात निघूनही त्याआधी मुंबई गाठता येत नाही.

आपल्या विश्वासू,

अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील आरोग्यसेविका, आरोग्य सहायिका, अधिपरिचारिका व परिचर्या अध्यापिका
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
मा. आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य
मा. निबंधक, महाराष्ट्र परिचर्या परिषद, मुंबई
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, नंदुरबार
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, नंदुरबार