पोटदुखी खरी, रिपोर्ट नॉर्मल

मारुंजीहून आलेल्या आईच्या हातात तीन सोनोग्राफी होत्या. मुलगी आठवीत, चार महिने बेंबीभोवती दुखतंय, शाळा बुडतेय. एका रिपोर्टात ‘पोटात बारीक गाठी’, म्हणून घरात टीबीची धास्ती. अशा बारीक गाठी निरोगी मुलांतही सर्रास दिसतात.

‘मग नाटक करते का हो?’ नाही. आतडं आणि मेंदू यांना जोडणाऱ्या नसा हळव्या झाल्या की दुखणं खरंच जाणवतं.

अशा दुखण्यासाठी कानावर लावायच्या यंत्राची हल्ली चर्चा आहे. कानातल्या नसांमधून ते सौम्य विद्युतप्रवाह सोडतं. आठवड्याला पाच दिवस, असे तीन आठवडे. आतड्याच्या ‘आयबीएस’ विकारातल्या पोटदुखीसाठी, ११ ते १८ वयोगटाकरिता, अमेरिकेच्या एफडीएने २०१९मध्ये त्याला परवानगी दिली. आधार होता अवघ्या ५० मुलांचा. यंत्र लावलेल्या ५२ टक्के मुलांचं दुखणं लक्षणीय उतरलं; नुसतं दिखाऊ यंत्र लावलेल्यांपैकीही ३० टक्क्यांचं उतरलं. मला हा दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो.

वजन घटणं, शौचातून रक्त, रेंगाळणारा ताप, दुखण्याने झोपमोड: यांपैकी काही असेल तर तपास हवाच. या मुलीला यातलं काही नव्हतं. आईला म्हटलं, चौथी सोनोग्राफी नको. सोमवारी शाळेत पाठवा, अर्धा दिवस का होईना.