हौसेला मोल नसतं, पण ड्रायव्हरला असतं

मंडळी, तिशी ओलांडलेल्या आयटीवाल्याला काही ना काही होतंच. आधी डीएसएलआर होतो, मग मॅरेथॉन होते, मग महागडी सायकल होते आणि तिच्यावर बाल्कनीत टॉवेल वाळतात. सध्या गोल्फची साथ आहे. आमच्या टीममधले चार जण शनिवारी पहाटे गाडी काढून कोर्सवर जातात आणि सोमवारी कॉफी मशीनपाशी उभे राहून हातात नसलेली काठी फिरवतात. त्याला माझी हरकत नाही, हौसेला मोल नसतं. हरकत आहे ती त्यांच्या एका लाडक्या समजुतीला. ती अशी की आपण आणि टीव्हीवरचे प्रो एकच खेळ खेळतो, ते जरा जास्त चांगला खेळतात एवढंच. आणि मधलं अंतर एक नवा ड्रायव्हर (गाडीचा नव्हे, सगळ्यात लांब मारायची काठी) आणि यूट्यूबवरचे स्लो मोशन व्हिडिओ भरून काढतील.

नाही भरून निघणार. कारण खेळच वेगळा आहे.

आधी टीव्हीचं बघू. स्पर्धेत दीडशेच्या आसपास लोक उतरतात आणि रविवारी कॅमेरा असतो पाच-सहा जणांवर, म्हणजे त्या आठवड्यात ज्यांचं सगळं जमून आलं त्यांच्यावर. रोज डेटाशी खेळणाऱ्या माणसांना हे सांगावं लागावं? पीजीए टूरवरचा सरासरी खेळाडू १८ पैकी साधारण १२ ग्रीन वेळेत गाठतो, म्हणजे ६ चुकतात. दीडशे यार्डांवरून मारलेला त्याचा चेंडू सरासरी वीस-पंचवीस फूट लांब थांबतो. आणि आठ फुटांवरचा पट? जवळपास निम्मेच जातात. आमच्यातला एक जण गेल्या महिन्यात आठ फुटांवरून चुकला आणि काठी आपटली. अरे बाबा, जगातला सर्वोत्तम खेळाडूसुद्धा तिथे जवळजवळ टॉसच उडवतोय!

आता स्विंग. यावर बोलायला आमच्या चिंचणीसारखी प्रयोगशाळा नाही. गावात गोल्फ कोर्स नाही, पण ओहोटीला मैलभर ओली, घट्ट वाळू पडते. मध्यंतरी ही चौकडी सुट्टीला घरी आली होती आणि (अर्थातच) गाडीत काठ्या होत्या. मी वाळूत बोटाने एक आडवी रेघ ओढली आणि म्हटलं, चेंडू या रेघेवर आहे असं समज आणि मार. वाळू खोटं बोलत नाही. प्रो माणूस आयर्नने मारतो तेव्हा आधी चेंडू लागतो आणि मग जमीन. म्हणजे उकरलेला भाग रेघेच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला सुरू व्हायला हवा. आमच्या गड्याने दहा वेळा काठी फिरवली. आठ खड्डे रेघेच्या मागे, आणि ते आठही आठ ठिकाणी! पहिला रेघेला टेकलेला, शेवटचा वीतभर मागे. तो चेंडूला खालून उचलून हवेत घालवायला बघतो. हौशी माणसाला वाटतं चेंडू आपण उचलायचा असतो. ते काम काठीच्या तिरक्या पात्याचं आहे, आपण फक्त मध्ये यायचं नसतं.

दुसरी गोष्ट क्रमाची. प्रोचा स्विंग खाली येताना कंबर आधी वळते, मग छाती, मग हात, आणि सगळ्यात शेवटी काठी, चाबकासारखी. हौशी माणूस जोर म्हटला की खांदे आणि हात आधी फेकतो. मग काठी बाहेरून आत येते आणि चेंडू केळ्यासारखा उजवीकडे वळतो. तो उजवीकडे जातो म्हणून हा अजून डावीकडे तोंड करून उभा राहतो, त्याने चेंडू आणखीच वळतो. बग फिक्स करताना नवा बग, दुसरं काय!

या दोन गोष्टी सोडून लोक नक्कल कशाची करतात? मागे नेलेली काठी कशी दिसते, शेवटी पोझ कशी दिसते, त्याची. जिम फ्युरिकचा स्विंग कधी बघितलाय? काठी वर जाताना एका वाटेने जाते आणि खाली येताना भलतीच वाट धरते, बघणाऱ्याला वाटावं हा आजच शिकतोय. या माणसाने २००३ साली यूएस ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये एका फेरीत ५८ मारले. प्रो लोकांचे स्विंग एकमेकांपासून वेगळे असतात. चेंडूला काठी लागते त्या क्षणी मात्र ते जवळपास एक होतात. आमच्याकडे दागिन्यांच्या नक्षीचे पोलादी डाय करणारे कारागीर आहेत, त्यांच्या शेजारी बसून बघा. शिकाऊ पोरगा हातोडीकडे बघतो, जुना कारागीर छिन्नीच्या टोकाकडे.

पण माझं खरं भांडण स्विंगशी नाही, डोक्याशी आहे. एकदा कधीतरी वारा पाठीवर असताना सात नंबरच्या आयर्नने दीडशे यार्ड गेले, की हौशी माणसाच्या लेखी त्याचा सात नंबर कायमचा दीडशेचा. मग समोर तळं असलं तरी तो तीच काठी काढतो आणि चेंडू बुडाला की म्हणतो, नीट बसला नाही. नीट बसला नाही हाच तुझा नेहमीचा फटका आहे! प्रो आपल्या नेहमीच्या फटक्याचा हिशोब धरतो, चूक कुठल्या बाजूला गेली तर चालेल ते आधी ठरवतो, झेंडा तळ्याकाठी असेल तर गुपचूप ग्रीनच्या मध्यावर मारतो. तेच पटिंगचं. उतारावर प्रोचा चुकलेला पट बहुधा वरच्या बाजूने जातो, हौशाचा खालच्या. इंग्रजीत त्या बाजूला नावच ‘अमॅच्युअर साइड’ आहे. चेंडू वरून आला तर निदान भोकात पडायची शक्यता असते, एकदा खाली घसरला की संपलं. बेस्ट केस धरून एस्टिमेट देणारा प्रोजेक्ट मॅनेजर सगळ्यांनी बघितलाय. शनिवारी तोच कोर्सवर असतो.

यावर आमची मंडळी मार्क ब्रॉडी फेकतात. ब्रॉडी हे कोलंबिया बिझनेस स्कूलचे प्राध्यापक. लाखो फटक्यांचा डेटा चाळून त्यांनी फटक्यांची नवी मोजणी काढली, पीजीए टूरने २०११ मध्ये ती पटिंगसाठी स्वीकारली, आणि २०१४ मध्ये त्यांचं ‘एव्हरी शॉट काउंट्स’ आलं. त्यांचा निष्कर्ष असा की चांगल्या आणि वाईट खेळाडूंमधला सुमारे दोन तृतीयांश फरक शंभर यार्डांपलीकडच्या फटक्यांत पडतो. ‘बघ, म्हणजे ड्रायव्हर महत्त्वाचा!’ हो, पण कुठला? टूरवर काठीचं टोक ताशी ११५ मैलांच्या आसपास फिरतं, सरासरी हौशाचं ९३-९४. हे वीस मैल दुकानात मिळत नाहीत. आणि लांबचे फटके महाग पडतात ते काही नुसते आखूड पडतात म्हणून नाही, ते झाडीत आणि पाण्यात जातात म्हणूनही. एका फेरीत चार चेंडू हरवणाऱ्याला अजून लांब जाणारी काठी देणं म्हणजे... असो.

आणि ज्याला हे सगळं कळतं तो माणूस साडेचार तास आपल्या शेजारून चालत असतो, आपली पिशवी घेऊन. कॅडी! चेंडू कुठे जाणार हे त्याला काठी अर्ध्यावर असतानाच कळलेलं असतं. तो हळूच म्हणतो, ‘सर, सहा नंबर घ्या.’ सर घेत नाहीत. सर व्हिडिओ बघून आलेले असतात.

अली शेर दिल्लीच्या कोर्सवर कॅडी होता, १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा तो पहिला भारतीय प्रो. शिव शंकर प्रसाद चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात मैदानाची निगा राखायचे. पोरगा बघून बघून शिकला आणि २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन घेऊन गेला. मुंबईत चेंबूरला, बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबाजवळच्या वस्तीत, कॅडीचं काम करणारी पोरं बांधकामाची सळई वाकवून तिची काठी करायची आणि प्लॅस्टिकच्या चेंडूने गल्लीत गोल्फ खेळायची. दोन्ही बाजूंना घरं, मध्ये उघडं गटार. तिथे फटका वाकडा गेला तर कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जातो. निशाणा आधी, ताकद नंतर, हे त्यांना कोणी व्हिडिओत सांगितलं नव्हतं.

आता म्हणाल, आम्ही हौस म्हणून खेळतो, एवढं मनावर काय घ्यायचं? हौशी या शब्दाला आपल्याकडे मान आहे, भाऊ. राज्य नाट्य स्पर्धेत दिवसा बँकेत बसून रात्री तालीम करणारी माणसं हौशीच म्हणवतात आणि पाठांतर चोख करून येतात. सळई घेऊन गल्लीत उतरलेला पोरगा हौशी. त्याला त्या हिरवळीवर स्वतःच्या नावाने अठरा होल खेळायचे असतील तर किती दारं ठोठवावी लागतात, ते एकदा विचारा. आपल्यासाठी मात्र ते दार कार्ड स्वाइप केलं की उघडतं. नव्या ड्रायव्हरच्या पैशांत एखाद्या कॅडीच्या पोराची वर्षभराची फी आणि सरावाचे चेंडू निघतात. आमच्या चौकडीला मी तसं सुचवलंय. दोघे तयार आहेत, तिसरा ‘बघतो’ म्हणालाय. चौथ्याची डिलिव्हरी मंगळवारी येतेय.