आधी ईसीजी, मग केसपेपर




छातीत धडधडतंय असं एखाद्या बाईने सांगितलं, की आमच्या वाई तालुक्यात उत्तर तयारच असतं: टेन्शन घेऊ नका. सोबत पित्ताची गोळी. हे उत्तर कधी बरोबरही निघतं, पण ते तपासणीच्या आधीच दिलं जातं, याला माझा आक्षेप आहे.

मांढरदेवचा डोंगर चढताना किंवा बावधनच्या बगाडाला उन्हात उभं राहिल्यावर नाडी सव्वाशेवर गेली तर त्यात नवल नाही. तापात, पंडुरोगात, थायरॉइड वाढल्यावरही ती वाढते. तिथे मूळ कारणावर इलाज करायचा. असे ठोके हळूहळू चढतात आणि हळूहळूच उतरतात. दुसरा प्रकार मात्र निराळा. भाकरी थापताना, काही कारण नसताना ठोके बटण दाबल्यासारखे एकदम दीडशे-दोनशेवर जातात, मानेतल्या शिरा उडू लागतात आणि काही वेळाने सगळं तितक्याच अचानक थांबतं. त्यानंतर अनेकांना भरपूर लघवी होते. हृदयातल्या विजेला एखादी जादा वाट सापडलेली असते आणि ती तिथेच गोल फिरत राहते. डॉक्टर याला एसव्हीटी म्हणतात. याचा एक नेहमी आढळणारा प्रकार तर बायकांतच जास्त दिसतो.

अडचण अशी, की पेशंट रिक्षाने दवाखान्यात पोचून, केसपेपर काढून, नंबर लागेपर्यंत हृदय ताळ्यावर आलेलं असतं. मग ईसीजी नॉर्मल येतो आणि टेन्शनचा शिक्का बसतो. माझ्या नात्यातल्या एका बाईंची कित्येक वर्षं अशीच गेली; मधे घरच्यांनी देवऋषीही करून पाहिला. आपल्याकडेच असं होतं असंही नाही. 1997 साली अमेरिकेत एसव्हीटीच्या 107 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांचा आजार पहिल्या तपासणीत ओळखलाच गेला नव्हता, आणि घबराट किंवा ताण हे कारण पुरुषांपेक्षा बायकांच्या माथी कितीतरी जास्त मारलं गेलं होतं.

डॉक्टर म्हणतील, धडधडीचे बहुतेक पेशंट ठणठणीत असतात, सगळ्यांचे ईसीजी काढत बसायचं का? बहुतेक ठणठणीत असतात हे मान्य. पण उरलेले कोण, हे चेहरा पाहून कळत नाही. ईसीजीला पाच-दहा मिनिटं लागतात. धडधड चालू असतानाची एक पट्टी हाती आली तर पुढची वाट सोपी होते. श्वास कोंडून जोर लावून फुंकायला लावणं आणि लगेच आडवं करून पाय उचलणं, या साध्या उपायाने 2015 च्या ब्रिटनमधल्या चाचणीत 43 टक्के रुग्णांचे ठोके जागेवर आले. पाय न उचलता नुसतं फुंकण्याच्या जुन्या पद्धतीने 17 टक्क्यांचे. तेवढ्याने भागलं नाही तर अ‍ॅडेनोसिनचं इंजेक्शन असतं. पुण्यासारख्या ठिकाणी नसेतून तार घालून ती जादा वाट जाळून टाकतात आणि बहुतेकांचा त्रास कायमचा जातो. वयस्कर माणसाची नाडी वेगवान आणि शिवाय अनियमित असेल तर प्रश्न आणखी गंभीर. हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते, अर्धांगवायू होतो. त्याला टेन्शन म्हणून घरी पाठवणं परवडणारं नाही.

म्हणून वाईचं ग्रामीण रुग्णालय, तालुक्यातली आरोग्य केंद्रं आणि खासगी डॉक्टर, सर्वांना विनंती आहे: धडधड चालू असताना आलेल्या माणसाचा आधी ईसीजी काढा, केसपेपर मागाहून होईल. आणि ती पट्टी नुसती फाईलला न लावता तिची एक प्रत पेशंटच्या हातात द्या.

वाचकांनीही एक करावं. कोविडात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटातून काढावा. त्यावरचा दुसरा आकडा नाडीचा असतो. धडधड सुरू झाली की तो आकडा आणि वेळ लिहून ठेवावी. छातीत दुखलं, दम लागला किंवा भोवळ आली तर आकडा बघत बसू नये, थेट 108 ला फोन करावा.

एक वाचक,
गंगापुरी, वाई