विषबाधा आणि पहिली घटका

कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. औषधोपचार हे डॉक्टरांचे काम होय. परंतु रुग्ण तेथे पोचण्यापूर्वीची पहिली घटका शेतावरील माणसांच्या हाती असते, आणि तीच बहुधा वाया जाते.

घाम, लाळ, मळमळ, अंधुक दिसणे वा श्वास कोंडणे ही लक्षणे दिसताच ‘ऊन लागले’ असे समजून रुग्णास झाडाखाली निजवून ठेवणे घातक आहे. त्यास फवारलेल्या शेताबाहेर आणावे, भिजलेले कपडे काढावेत आणि अंग साबणाने व भरपूर पाण्याने धुवावे. धुणाऱ्याने स्वतःचे हात झाकून घ्यावेत. शुद्ध हरपली असल्यास रुग्णास डाव्या कुशीवर वळवावे व तोंडात काहीही घालू नये. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याची जुनी चाल तर सोडलीच पाहिजे. ओकारी श्वासनलिकेत शिरून प्राण जाऊ शकतो. १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाचा डबा वा त्यावरील चिठ्ठी रुग्णाबरोबर द्यावी. विष कोणते हे कळल्यावाचून डॉक्टरांस योग्य उतारा ठरविणे कठीण जाते.

मजुरांकडून फवारणी करवून घेणाऱ्या मालकाने पंपाबरोबर साबण, पाण्याची घागर व कोरडे कपडे बांधावर ठेवणे हा उपकार नव्हे, कर्तव्य होय. बुडालेले पीक पुढील हंगामात पुन्हा उभे करता येते. गेलेले माणूस परत येत नाही.